गिअरबॉक्सचा ताप

आमच्या कन्नमवार नगरात सकाळी दोन आवाज न चुकता येतात. एक पाण्याची टाकी भरणाऱ्या मोटरचा आणि दुसरा चंद्रप्रकाशच्या गाडीचा. मोटरविरुद्ध सोसायटीत कोणी तक्रार करत नाही, कारण पाणी सगळ्यांना लागतं. गाडीविरुद्धही कोणी करत नाही. त्याचं कारण वेगळं आहे.

गाडी चंद्रप्रकाशची नव्हे, देवेशची. देवेश त्याचा एकुलता एक मुलगा. जर्मन बनावटीची, ऑटोमॅटिक गिअरची, नाकपुड्या फुगवून उभी असणारी ती गाडी त्यानं सेकंडहँड घेतली, तेव्हा चंद्रप्रकाश लोकांना सांगायचा की ऑफिसची आहे. आपला मुलगा उधळा आहे हे शेजाऱ्यांना परस्पर कळावं, आपण कशाला सांगा, असा त्याचा विचार.

गाडीच्या काट्यावरचे आकडे बघूनच देवेशच्या आईला, रत्नावहिनींना, घाम फुटायचा. त्यांनी गावच्या रवळनाथाला वेगाविरुद्ध नवस बोलून ठेवले होते. रवळनाथानं ते पाळले. देवेश गेला तो एका डासानं. ऑक्टोबरात डेंग्यूचा ताप चढला, तो उतरलाच नाही. गाडी खाली उभी होती. तिच्यावर ओरखडादेखील नव्हता.

पुढे सगळ्यांनी एकच सल्ला दिला, गाडी विकून टाक. चंद्रप्रकाश तयारही झाला होता. त्यासाठीच अपूर्वाला बोलावलं. ही देवेशची कॉलेजातली मैत्रीण, मुलुंडला वेगवान गाड्यांचं गॅरेज चालवते. तिनं लॅपटॉप गाडीला जोडला, गिअरबॉक्सची तब्येत बघितली, आणि सहज बोलून गेली, "काका, हा गिअरबॉक्स चालवणाऱ्याच्या सवयी शिकतो. पाय कसा दाबतो, गिअर कधी मागतो, सगळं लक्षात ठेवतो. एक प्रकारे देवेश अजून आहे आत."

इंजिनिअर माणसानं सांत्वनाच्या भानगडीत पडू नये. त्यातून असं होतं.

"आणि दुसऱ्यानं चालवली तर?" चंद्रप्रकाशनं विचारलं.

"तर हळूहळू त्याचं शिकतो."

झालं. गाडी विकायची नाही. दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नाही. नुसती उभी ठेवली तर बॅटरी मरेल, आणि बॅटरीबरोबर आतलं काय काय मरेल कोण जाणे. तेव्हा चालवायची आपणच, पण चालवायची देवेशसारखी. म्हणजे गिअरबॉक्सला कळता कामा नये.

आता चंद्रप्रकाशचं वय सत्तरीच्या अलीकडे. सगळी नोकरी कुलुपांच्या कारखान्याच्या तपासणी खात्यात. कुलूप हातात घ्यायचं, किल्ली फिरवायची, कानाशी धरायचं, मग पास किंवा नापास. अजूनही कुठलीही वस्तू तो आधी कानाशी धरतो. पूर्वी स्कूटर चालवायचा ती अशी, की ओव्हरटेक करताना सायकलवाल्यांना संकोच वाटायचा.

मी त्याच्या समोरच्या दारात राहतो. एका सकाळी त्यानं मला खाली बोलावलं.

"धाकू, बस. मागे नको, फुडे बस. तुका बघूक व्हया."

"काय बघायचं?"

"मी बरोबर करतंय काय नाय ता."

गांधीनगरचा सिग्नल ओलांडून आम्ही पवईच्या चढाला लागलो. तिथपर्यंत माणूस बरा होता. चढावर एक पेट्रोल पंप आहे. त्याच्या आसपास कुठेतरी ह्यानं पाय असा दाबला, की गिअरबॉक्सनं दोन गिअर खाली टाकले, गाडीनं छाती भरून श्वास घेतला आणि माझी पाठ सीटला चिकटली. मी दोन्ही हातांनी चष्मा धरला आणि डोळे मिटले. चष्म्याचा मग काही उपयोग नव्हता, पण धरला.

"मेल्या, मारतोस काय?"

"असाच दाबायचा तो," चंद्रप्रकाश म्हणाला. "आणि आयआयटीच्या भिंतीशी सोडून द्यायचा. सोडताना एकदम नाही. चपलेतून पाय काढावा तसा."

"तुला कसं कळलं एवढं?"

"शेजारी बसून. रविवारी वर्सोव्याला मासळी आणायला जायचो ना आम्ही तिघं. तो तिकडे दाबायचा, मी इकडे दाबायचो. ब्रेक."

मी पायाखाली बघितलं. डाव्या सीटसमोरचा मॅट उजव्या पायाच्या जागी झिजून पांढरा पडला होता. तिथे ब्रेक नसतो.

त्या दिवसापासून तो रोज निघू लागला. आणि निघायचा भर ऑफिसच्या वेळेला, कारण देवेश त्याच वेळेला निघायचा. त्या रस्त्यावर मेट्रोचे खांब, खांबांभोवती पत्रे आणि पत्र्यांमधून सरकणारी अर्धी मुंबई. त्यात हा दोन गाड्यांमधल्या दहा हात फटीत देवेशसारखी मुसंडी मारायचा आणि लगेच थांबायचा. रिक्षावाले त्याला ओळखू लागले. एकानं तर काच खाली करायला लावून विचारलं, "काका, घरात काही भांडण वगैरे?"

एप्रिलमध्ये डॅशबोर्डवर पिवळी सूचना आली की गिअरबॉक्स तापला आहे. गाडी बाजूला घ्या.

अपूर्वानं लॅपटॉप लावला. "काका, आतलं तेल एकशे तीसवर गेलं होतं. हे शंभरच्या आत राहायला पाहिजे. तुम्ही चालवता कशी?"

"त्याच्यासारखी."

"अहो, तो तसा रविवारी चालवायचा. पहाटे, रिकाम्या रस्त्यावर. सोमवारी ट्रॅफिकमध्ये तो पण हळूच चालवायचा ना. तुमच्यापेक्षा हळू. मी बसलेय त्याच्याबरोबर."

सोमवारचा देवेश चंद्रप्रकाशनं पाहिला नव्हता. त्याच्या वाट्याला रविवारचाच आला होता.

"दुसरा उपाय सांग," तो म्हणाला.

दुसरा उपाय होता. देवेशला तो स्वतःच करून घ्यायचा होता, गाडी घाटात न्यायची म्हणून. गाडीच्या पुढच्या जाळीमागे एक जास्तीचा ऑइल कूलर बसवायचा. गिअरबॉक्समधलं गरम तेल त्याच्या बारीक नळ्यांतून फिरतं, नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांतून वारा जातो, आणि तेल थंड होऊन परत जातं. गाडी उभी असताना वारा हवा म्हणून कूलरमागे पंखा. खाली तेलाची मोठी ट्रे, म्हणजे जास्त तेल मावतं. आणि डॅशबोर्डवर एक काटा, तापमान सांगणारा.

"सगळं बसव," चंद्रप्रकाश म्हणाला.

"तेल पूर्ण बदलावं लागेल. आणि तेल बदललं की मेमरी रीसेट करायची असते, काका. नाहीतर गिअर झटके देतात थोडे."

"देऊ देत."

"पद्धत तशी आहे म्हणून सांगते."

"माझ्या मुलानं शिकवलेलं आहे ते. पुसायचं नाही."

अपूर्वानं लॅपटॉप मिटला. मग फडक्यानं हात पुसत राहिली. हात स्वच्छच होते.

घरी येऊन त्यानं रत्नावहिनींना सांगितलं की गिअरबॉक्सला ताप आला होता, आता इलाज करतोय. त्यांनी कढईवरून नजर न काढता विचारलं, "किती?"

"एकशे तीस."

"देवेशचा एकशे चार गेलेलो," त्या म्हणाल्या, आणि गॅस बंद करून आत गेल्या. भाजी अर्धी कच्चीच राहिली. आम्ही दोघांनी ती खाल्ली.

कूलर बसवून अपूर्वा स्वतः गाडी घेऊन आली. रत्नावहिनींना खाली बोलावून तिनं बॉनेट उघडून दाखवलं. "काकू, देवेशला हवं होतं ते हेच. हे पत्रे मात्र फार नाजूक हं. खडा लागला, धूळ बसली की काम कमी करतात."

"मग झाकूक काय नाय?"

"ही जाळी आहे ना पुढे."

वहिनींनी जाळीकडे बघितलं. अशा नजरेनं त्या बाजारात शिळ्या बांगड्याकडे बघतात.

इथे त्यांच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. त्या घरात फ्रिजला कव्हर आहे, फ्रिजच्या हँडलला वेगळं कव्हर आहे. मिक्सरला झालरीचं, शिलाई मशीनला भरतकामाचं. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवीला रबर. देवेशनं पहिल्या पगारात आणलेल्या टीव्हीवर रात्री चादर. ह्या घरात उघडा काय तो मीच, असं चंद्रप्रकाश म्हणायचा. वस्तू जितकी जिवाची तितकं तिचं कव्हर जाड.

त्या आठवड्यात दुपारी दोन-तीनदा समोरून शिलाई मशीनचा आवाज आला. बऱ्याच महिन्यांनी आला. मला बरं वाटलं.

मे महिन्यातल्या एका सकाळी मी पुन्हा शेजारच्या सीटवर होतो. हल्ली मी अधूनमधून बसायचो. कोणीतरी बसायला हवं, नाहीतर देवेशसारखं चालवून दाखवायचं कोणाला? गांधीनगरला गर्दी तुंबली होती. नवा काटा नव्वदवर होता. नव्वदचा शंभर झाला.

"वर चाललाय," मी म्हटलं.

"उतरेल. नवीन कूलर आहे."

शंभरचा एकशे पंधरा झाला. पुढे पाण्याचा टँकर, मागे शाळेची बस, दोन्ही बाजूंना पत्रे. थांबायला जागा नव्हती आणि चालायलाही नव्हती. चंद्रप्रकाशनं काट्यावर बोटानं टिचकी मारली, कान जवळ नेला. "काटाच खोटा असणार. आधी कूलर नव्हता तेव्हापण इतका लवकर नाही तापायचा."

हे मात्र त्यानं अगदी बरोबर ताडलं होतं. त्यावर आम्ही थोडा विचार करायला हवा होता. पण तेवढ्यात टँकर हलला, पुढे फट दिसली, आणि त्यानं पाय दाबला.

या वेळी गाडीनं श्वास घेतला नाही. आतून काहीतरी घसरल्यासारखं झालं, इंजिन नुसतं ओरडलं, आणि फोडणी जळून तिच्यात रबर पडावं तसा वास आला. चढावरच गाडी थांबली. मागच्या बसमधली पोरं खिडकीतून हात हलवून आम्हाला टाटा करत होती. चंद्रप्रकाशनं त्यांना टाटा केला. त्याला दुसरं काय करावं ते सुचत नसावं.

टोइंगवाल्यानं गाडी मुलुंडला नेली. अपूर्वानं बॉनेट उघडलं, वाकून बघितलं, आणि तशीच वाकलेली राहिली.

कूलरला कव्हर होतं.

निळ्या चौकड्यांच्या कापडाचं, आतून अस्तर लावलेलं. कडेनं पांढरी पट्टी. चार कोपऱ्यांना चार नाड्या, आणि प्रत्येक नाडीची सुरगाठ. मापात इतकं चोख, की वाऱ्याला कूलरमध्ये काय, त्याच्या मागच्या रेडिएटरकडेही शिरायला कुठे जागा नव्हती. बॉनेट उघडणं वहिनींना येत होतं. वायपरचं पाणी भरायचं काम देवेशनं आईला दिलं होतं, तिची गाडीशी ओळख व्हावी म्हणून. चंद्रप्रकाश दुपारचा झोपलेला असताना त्या खाली उतरल्या असणार.

कापड देवेशच्या शर्टाचं होतं. खिसा तसाच ठेवला होता, बटणासकट. अपूर्वानं बटण काढलं. आत कागदाची पुडी निघाली. रवळनाथाचा अंगारा.

गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी चाकात हवा भरत होतं.

"गिअरबॉक्स?" चंद्रप्रकाशनं विचारलं.

"आतले क्लच जळले, काका. बदलावा लागेल."

"आणि ते, शिकलेलं?"

"त्याचा कॉम्प्युटर आतच असतो. तेलातच बुडालेला. तो पण गेला."

"काढून घेता येणार नाही? थोडंसं तरी?"

"नाही, काका."

त्यानं मान हलवली. मग नाड्या एकेक करून सोडवायला लागला. वहिनींच्या सुरगाठी एका ओढीत सुटतात, पण त्याला वेळ लागला.

"रोज निघताना मी कान लावायचो," तो म्हणाला. "बाहेरून. जाळीच्या मागे बघितलं नाही एकदासुद्धा. पास करून टाकला."

"काका, काकूंना कसं कळणार होतं?"

"तिला कळताच कामा नये." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "ऐक. कूलरमध्ये माल खराब आला होता. समजलं? धाकू, तूपण."

"माझ्या गॅरेजचं नाव खराब होईल ना पण," अपूर्वा म्हणाली.

"होऊ दे."

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली. "होऊ दे."

घरी वहिनी दारातच उभ्या होत्या. चंद्रप्रकाशनं ठरलेलं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, अपूर्वाला दोन शब्द सुनावले, तेही ती समोर नसताना. मग विचारलं, "आणि तां कव्हर?"

म्हणजे कव्हर आपण घातलं होतं हे त्यांनी आपणच सांगून टाकलं. लपवायचं काही नव्हतंच त्यांच्या मनात, नुसता गाजावाजा नको होता.

"कव्हर चांगलं आहे," चंद्रप्रकाश म्हणाला. "ते होतं म्हणून एवढे दिवस तरी टिकला."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. माझ्या आठवणीत ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच त्या चारचौघांत रडल्या. आपण निदान काहीतरी वाचवलं होतं, असं त्यांना वाटलं असावं.

नंतर अपूर्वा आली की वहिनी तिला चहा द्यायच्या, पण साखर कमी घालायच्या. ती तो तसाच प्यायची.

दुसरा गिअरबॉक्स आला, बसला. कोरा होता. जुना कूलर काढून अपूर्वानं तसाच दुसरा लावला, कारण खराब मालाची गोष्ट शेवटपर्यंत न्यायला हवी होती. आणि वहिनींनी ते कव्हर स्वतःच्या हातानं पुन्हा बांधलं. चंद्रप्रकाश त्यांना टॉर्च दाखवत उभा होता. त्या वर गेल्यावर त्यानं ते सोडलं आणि सीटखाली ठेवलं.

पण वहिनींचं घर म्हणजे कव्हरं महिन्याला धुणारं घर. महिना होत आला की त्या म्हणायच्या, "तां काढून दी. किती धूळ बसली असतली." सीटखाली कसली धूळ? तेव्हा त्याच्या आदल्या दिवशी चंद्रप्रकाश कंपाउंडच्या भिंतीशी जातो. कव्हर भिंतीवर घासतो, आधी एक बाजू, मग दुसरी. थोडी माती चोळतो. खिशावर मात्र चोळत नाही, खिसा हातात धरून ठेवतो. मग उजेडात धरून बघतो आणि पास करतो. मी एकदा गॅलरीतून बघितलं. त्यानंतर तो भिंतीशी गेला की मी आत जातो.

वहिनी ते साबणात भिजवतात आणि पाणी काळं झालेलं बघून म्हणतात, "बघलास? ही सगळी आत गेली असती."

गाडी आता तापत नाही. तापायचं कारणच उरलं नाही. चंद्रप्रकाश ती दूध आणायला निघाल्यासारखी सावकाश चालवतो. मध्ये एकदा मी विचारलं, "नव्याला शिकवणार नाहीस?"

"शिकवीन," म्हणाला. "जरा रुळू दे."

श्रावण संपल्यावर एका रविवारी वहिनी आपण होऊन म्हणाल्या, वर्सोव्याला जाऊया, मासळी आणूया. देवेश गेल्यापासून त्या गाडीत बसल्या नव्हत्या. पूर्वीसारख्याच मागे बसल्या, पिशव्या मांडीवर घेऊन. मला पुढे बसवलं. पहाटेची वेळ, रस्ता रिकामा. रविवारचा.

गांधीनगर गेलं. चढ लागला. चंद्रप्रकाश सीटवर सरसावून बसला, स्टिअरिंगवरचे हात त्यानं पुसून घेतले. लांबवर पेट्रोल पंपाचे दिवे दिसायला लागले. मी चष्म्याला हात लावून ठेवला.

काहीच झालं नाही. गाडी आपली चालत होती.

"धाकू," तो हळूच म्हणाला. "पंपाच्या आधी दाबायचा तो, की नंतर?"

मला ठाऊक असायला हवं होतं. इतक्या वेळा बसलो होतो. पण त्या जागी माझे डोळे नेहमी मिटलेले असायचे.

"लक्षात नाही रे."

"रोज करत होतो मी. पायाला ठाऊक होतं." त्यानं पाय थोडा दाबला, उचलला. नवा गिअरबॉक्स काही बोलला नाही. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. "आधी की नंतर?"

पंपाचे दिवे डाव्या खिडकीतून सरकत मागे गेले.

"आदी," मागून वहिनी म्हणाल्या. "त्या हिरव्या पाटीपाशी. मी थंय डोळे मिटून रामरक्षा सुरू करी."

चंद्रप्रकाशनं आरशात बघितलं. मीही मागे वळून बघितलं. वहिनींनी पिशव्या छातीशी घट्ट धरल्या होत्या आणि डोळे मिटले होते. ओठ हलत होते. गाडी चाळीसनं चालली होती. आयआयटीची भिंत आली, त्यानं चपलेतून पाय काढावा तसा पाय उचलला, आणि चाळीसची पस्तीस झाली.